केरूनानांचे पंचांग

अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे मुंबईत शिकले आणि १८४० मध्ये कुलाब्याच्या वेधशाळेत रुजू झाले. हवामान व लोहचुंबक यांची निरीक्षणे तेथे नेमाने नोंदविली जात. ग्रंथात आहे एवढ्यानेच आकडा खरा ठरत नाही, तो अनुभवाशी जुळावा लागतो, ही शिस्त केरूनानांच्या अंगी बाणली ती तेथेच. १८५१ मध्ये ते पुण्यास अध्यापनासाठी गेले. पुढे लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी झाले.

त्या काळी महाराष्ट्रातील पंचांगे गणेश दैवज्ञांच्या १५२० मधील ‘ग्रहलाघवा’वरून होत. दैवज्ञ स्वतः वेध घेणारे होते. त्यांच्या अनुयायांनी कोष्टके जपली, वेध मात्र सोडला. चंद्र सूर्याच्या पुढे १२ अंश गेला की एक तिथी सरते. पण आकाशातील तिथी आणि छापलेली तिथी यांत अंतर पडू लागले होते. केरूनानांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली आणि १८६५ पासून आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने नवे पंचांग काढले. तेच पटवर्धनी पंचांग होय.

वाद पेटला तो आरंभस्थानावरून. केरूनानांनी राशिचक्राचा आरंभ रेवतीच्या योगतारेपासून धरल्याने संक्रांती सुमारे चार दिवस अगोदर येऊ लागल्या. ज्या चांद्रमासात संक्रांत नाही तो अधिक मास. त्यामुळे काही वर्षी दोन पंचांगांचे अधिक मास भिन्न येत आणि सणांत महिन्याचे अंतर पडे. तिथीतील काही घटकांचा फरक लोक सोसतील. शेजाऱ्याची दिवाळी आटोपल्यावर महिन्याने आपली करणे कोणास रुचेल? वजने-मापे वा नाणी यांप्रमाणेच पंचांगाचे मोलही ते सर्वांनी मानण्यात असते. म्हणूनच हे पंचांग मोजक्याच घरांत राहिले.

१८८४ मध्ये केरूनाना निवर्तले. तो प्रश्न १९०४ च्या मुंबईतील आणि १९२० च्या सांगलीतील पंचांग परिषदांपुढे आला. टिळकांनी रेवतीपक्षच उचलून धरला. मात्र १९५७ पासूनच्या राष्ट्रीय पंचांगाने गणित आधुनिक घेतले आणि आरंभस्थान चित्रापक्षाला जुळणारे ठेवले. केरूनानांचा तारा मागे पडला. त्यांचा आग्रह मात्र टिकला. गणित आकाशाशी जुळले पाहिजे, हे आज बहुतेक पंचांगकर्ते मान्य करतात. सुधारकाला याहून मोठे यश क्वचितच लाभते. परंतु शुद्ध गणिताइतकीच समाजाची संमतीही कमवावी लागते, हा त्यांच्या चरित्राचा दुसरा धडाही विसरता येणार नाही.