सुगरणीचा संसार उलगडणारे डॉ. सलीम अली

हरभऱ्यावर घाटेअळी दिसली की आपला हात आधी फवारणी पंपाकडे जातो. तीच अळी टिपणारे कोतवाल आणि साळुंकी बांधावर बसलेले असतात, त्यांच्याकडे लक्ष जात नाही. हे पक्षी ओळखायला ज्यांनी शिकवले, त्या डॉ. सलीम अली यांची ही ओळख.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडील लहानपणीच गेले. मामांनी सांभाळ केला. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ती कोणती, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले आणि तिथेच आयुष्याची दिशा ठरली.

विद्यापीठाची पदवी नव्हती. जर्मनीत शिकून १९३० मध्ये परतले, तर नोकरी नाही. तेव्हा अलिबागजवळच्या किहीम गावी राहून त्यांनी सुगरणीचे खोपे रोज न्याहाळले. खोपा नर विणतो. अर्धा झाला की मादी तो पाहते, पसंत पडला तरच राहते. मग नर तो पुरा करून दुसरा विणायला घेतो. हीच सुगरण धान्य खाते, पण पिलांना मुख्यतः किडे-अळ्या भरवते. म्हणजे तिचे नुकसान मोजताना फायदाही मोजायला हवा.

१९३१-३२ मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. आपला बीड जिल्हा तेव्हा याच संस्थानात होता. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक आले. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. २० जून १९८७ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्यासारखे आधी निरीक्षण करा, मग निर्णय घ्या:

• हरभरा, तुरीत एकरी २० पक्षीथांबे लावा. ज्वारीत दाणे भरू लागताच थांबे काढा.
• परसबागेत रासायनिक कीटकनाशक टाळा. विषारी अळी खाल्लेला पक्षीही दगावू शकतो. अळ्या, अंडीपुंज हाताने वेचा. गरज पडल्यास ५ टक्के निंबोळी अर्क फवारा.
• बांधावरची बाभूळ, बोर राखा. उन्हाळ्यात सावलीत उथळ भांड्यात पाणी ठेवा आणि ते रोज बदला.
• शेतात किडींची संख्या आर्थिक नुकसान पातळी ओलांडत असेल, तरच शिफारशीत औषध वापरा.