आमच्या गावाचे नाव घेऊन गेलेला विजरई

कॉलेजात पहिल्या वर्षाला नाव घातले तेव्हा अर्जात गावाचे नाव इंग्रजी अक्षरांत लिहायचे होते. सरकारी कागदांवर असते तसे मी आलोर्ना असे लिहिले. पहिल्याच आठवड्यात हजेरी घेताना सरांनी ते वाचले आणि हे नाव पोर्तुगीज दिसते, कोणा सरदारावरून पडले काय, असे सहज विचारले. मीही फारसा विचार न करता होय म्हणून मोकळा झालो. पोर्तुगालात आलोर्ना नावाचे मोठे सरदारघराणे होऊन गेले एवढे मी कुठेतरी वाचले होते. तेव्हा गावाला नाव मिळाले ते त्यांचेच, असा माझा सरळ हिशेब!

चतुर्थीला घरी गेलो तेव्हा ही गोष्ट आजोबांना सांगितली. ते हसले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला नदीकाठच्या किल्ल्यावर घेऊन गेले. तुटक्या तटावर बसून त्यांनी मला समजावले की माझे गणित साफ उलटे आहे. गाव आमचे हळर्ण. ते नाव त्या सरदाराच्या आधीपासूनचे. सरदाराने गावाला नाव दिले नाही. गावाचे नाव तोच घेऊन गेला. त्या दिवसापासून हा मनुष्य कोण, कुठला, याचा मी जमेल तसा शोध घेऊ लागलो. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

त्याचे नाव दों पेद्रु मिगेल द आल्मैदा. जन्म १६८८ साली लिस्बन शहरी. घराणे आसुमारच्या कोंदांचे, म्हणजे दरबारात मानाचे. त्याच्या तरुणपणी स्पेनच्या गादीसाठी युरोपात मोठे युद्ध पेटले होते. फ्रान्सच्या राजाचा नातू एका बाजूला आणि ऑस्ट्रियाचा राजपुत्र चार्ल्स दुसऱ्या बाजूला. पोर्तुगालने चार्ल्सचा पक्ष घेतला होता. पेद्रुचे वडील चार्ल्सच्या बार्सिलोना येथील दरबारी वकील होते. पोरगा तिथेच रणांगणावर उतरला. युद्ध संपले तेव्हा तो पंचविशीच्या आसपास होता. पण ज्या वयात आपण परीक्षांची धास्ती घेतो त्या वयात तो पोक्त शिपाई बनला होता. हुकूम सोडायचा, तो पाळला जातो की नाही ते पाहायचे आणि पाळला नाही तर दया करायची नाही, ही त्या छावणीतली शिकवण त्याने जन्मभर जपली.

त्या सैन्याची दुसरी शिकवण होती धर्माची. पोर्तुगीज शिपाई आपल्या संतांनाही पलटणीतले सोबती मानी. संत आंतोनीचे नाव १६६८ साली पोर्तुगालातल्या एका पलटणीच्या हजेरीपटावर रीतसर चढवले गेले. पुढे गोव्यातही या संताला सैन्यातला हुद्दा मिळाला आणि त्याचा पगार सरकारी तिजोरीतून देवळाला मिळू लागला. हे वाचून हसू येते खरे. पण खंडेनवमीला शस्त्रांना हळदकुंकू वाहणारे आपण, आणि हर हर महादेव म्हणत तटावर चढणारे आपले मावळे. मरण समोर दिसत असले की कोणत्याही देशीचा शिपाई आधी देवाला हाक मारतो. प्रश्न पडतो तो पुढे. देव आपल्या बाजूचा आहे अशी खात्री झालेला पुढारी मग वागतो कसा?

याचे एक उत्तर ब्राझीलमध्ये मिळते. १७१७ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, पेद्रुला साव पावलू आणि मिनास या सोन्याच्या मुलखाचा गव्हर्नर नेमण्यात आले. मिनासकडे जाताना वाटेत ग्वारातिंगेता या गावी त्याचा मुक्काम ठरला. एवढा मोठा साहेब येणार म्हणून मेजवानीची तयारी सुरू झाली आणि कोळ्यांना मासे आणायची ताकीद मिळाली. पाराईबा नदीत जाळे टाकून तिघे कोळी थकले. मासळी मिळेना. शेवटी जाळ्यात आली ती मातीची एक लहानशी मूर्ती, आधी धड आणि मग शिर. ती मारियेची होती. त्यानंतर म्हणे जाळी माशांनी भरून गेली. गरीब कोळ्यांनी ती सावळी मूर्ती घरात ठेवून प्रार्थना सुरू केली. तीच पुढे आपारेसिदाची माता म्हणून प्रसिद्ध झाली आणि १९३० साली पोपने तिला साऱ्या ब्राझीलची रक्षणकर्ती म्हणून जाहीर केले. आज लाखो लोक तिच्या दर्शनाला जातात. ज्याच्या पंगतीसाठी जाळे टाकले गेले त्या गव्हर्नराचे नाव त्या यात्रेत किती जणांना ठाऊक असेल?

तीन वर्षांनी, १७२० साली, व्हिला रिका या खाणीच्या गावात उठाव झाला. सोन्याचा पाचवा हिस्सा राजाचा असे. तो चुकवता येऊ नये म्हणून सरकारी भट्ट्यांतच सोने वितळवण्याची सक्ती होणार होती. लोक खवळले आणि जमावाने गव्हर्नराच्या मुक्कामावर चालून जाऊन मागण्या पुढे केल्या. हाताशी पुरेसे बळ नाही हे पाहून पेद्रुने त्या मान्य केल्या आणि माफीही दिली. थोड्याच दिवसांत फौजेची जुळवाजुळव होताच त्याने पुढाऱ्यांना पकडले, टेकडीवरची त्यांची घरे जाळली आणि फेलिप दोस सांतोस या माणसाला धड चौकशीही न करता फासावर चढवून त्याच्या देहाचे तुकडे केले. ती टेकडी आजही जळकी टेकडी म्हणूनच ओळखली जाते. पुढे राजाला लिहिताना त्याने मान्य केले की असा तडकाफडकी न्याय करण्याचा आपल्याला अधिकार नव्हता. पण वेळच तशी होती अशी पुस्ती जोडली.

मी इथे वाचता वाचता थांबलो. खंबीरपणा म्हणतात तो हाच काय? उठाव मोडला, शांतता झाली, राजाचे सोने वाचले. हे सारे खरे. पण दिलेला शब्द मोडला हेही तितकेच खरे. ज्या धर्माची तो शपथ घेई त्यात शत्रूलाही क्षमा करायला सांगितले आहे. शिपायाचा धर्म आणि ख्रिस्ताचा धर्म यांची त्या दिवशी गाठ पडली आणि शिपाई जिंकला, असेच म्हणावे लागते.

आता आपण आपल्याकडे येऊ. १७३९ हे साल गोव्यातल्या पोर्तुगीजांना फार जड गेले. चिमाजी आप्पांनी वसई घेतली. दक्षिणेकडून मराठी फौजा साष्टीत घुसल्या आणि उत्तरेकडून सावंतवाडीकर भोसल्यांनी बार्देश व्यापले. पुढे लिस्बनहून कुमक आली आणि बार्देश सुटले. पण पोर्तुगीजांचा दरारा गेला तो गेलाच. अशा वेळी १७४४ साली राजाने या जुन्या शिपायाला विजरई करून गोव्याला धाडले. तेव्हा तो छप्पन्न वर्षांचा होता.

इथल्या विजरईच्या अधिकारग्रहणातही एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १६८३ साली संभाजीराजे गोव्यावर चालून आले तेव्हा हतबल झालेल्या विजरईने जुन्या गोव्यातल्या बॉं जेझुसच्या देवळात जाऊन आपला अधिकारदंड संत फ्रान्सिस झेवियरच्या शवापाशी ठेवला होता. तेव्हापासून नव्या विजरईने संताच्या समाधीपाशी दंड स्वीकारण्याचा प्रघात पडला. म्हणजे राज्य संताचे आणि विजरई केवळ त्याचा कारभारी! भावना उदात्त आहे. मात्र अशा कारभाऱ्याला, मी जे करतो ते देवाचेच काम, असे वाटू लागायला वेळ लागत नाही.

पेद्रुने फौजेची घडी बसवली आणि सावंतवाडीकरांवर मोहीम काढली. तिकडे त्या वेळी रामचंद्र सावंतांच्या नावाने जयराम सावंत कारभार पाहत होते. पावसाळा तोंडावर असताना, ५ मे १७४६ रोजी, पोर्तुगीजांनी हल्ला करून हळर्णचा किल्ला घेतला. त्याच साली डिचोली आणि साखळी पडली. पावसाळा सरताच, नोव्हेंबरात, तेरेखोल घेऊन फौजा रेडीपर्यंत पोचल्या. या विजयांचे वृत्तांत लिस्बनमध्ये छापून निघाले. वसईचा डाग धुऊन निघाला असे तिकडे लोकांना वाटले असावे.

पण पेडणे-डिचोलीतल्या लोकांना काय वाटले असेल? याचा विचार करायचा तर दोनशे वर्षे मागे जायला हवे. सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देश आणि साष्टीतली देवळे पाडली गेली तेव्हा लोकांनी देव उचलून नदीपार नेले. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर डिचोलीतल्या नार्वे गावी आला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याचे देऊळ नव्याने बांधवले. पाखल्यांपासून लपवलेले देव ज्या मुलखात होते, त्याच मुलखात पाखले आता तोफा घेऊन शिरत होते. त्या रात्री नार्वेच्या पुजाऱ्याला झोप लागली असेल काय? इतिहासाच्या पुस्तकात किल्ल्यांच्या तारखा मिळतात. ही भीती मात्र आपणच समजून घ्यावी लागते.

१७४८ साली राजाने खूश होऊन पेद्रुला आलोर्नाचा मार्केज हा किताब दिला. हळर्ण असे उच्चारणे त्यांच्या जिभेला जमेना म्हणून आलोर्ना झाले इतकेच. १७५० साली ताव्होराच्या मार्केजकडे कारभार सोपवताना त्याने आपल्या वारसासाठी एक सविस्तर सूचनापत्र लिहून ठेवले. शेजारच्या दरबारांची इतकी बारीक माहिती त्यात आहे की मराठ्यांच्या इतिहासाचे अभ्यासक त्याचा उपयोग करतात. नुसता दांडगट मनुष्य असे लिहू शकत नाही. त्याला डोळे होते, बुद्धी होती, हे मान्य केलेच पाहिजे.

मायदेशी गेल्यावर त्याला फार दिवस लाभले नाहीत. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाला, लोक देवळांत जमलेले असताना लिस्बन शहर भूकंपाने कोसळले. पुढल्याच वर्षी, १७५६ साली, तो वारला. त्यानंतर घराण्यावर जे ओढवले ते ऐकून कोणालाही वाईट वाटेल. राजावर झालेल्या हल्ल्याच्या आरोपाखाली १७५९ साली त्याच ताव्होराच्या मार्केजला, जो एव्हाना पेद्रुच्या मुलाचा सासरा झाला होता, हालहाल करून मारण्यात आले. मुलगा अठरा वर्षे तुरुंगात खितपत पडला. आठ वर्षांची नात लियोनोर आईबरोबर मठात कोंडली गेली. ती तिथेच वाढली, शिकली आणि पुढे पोर्तुगीज भाषेतली नामांकित कवयित्री झाली. व्हिला रिकात आजोबाने जो तडकाफडकी न्याय केला, तसलाच न्याय लिस्बनमध्ये त्याच्या घराच्या वाट्याला आला. याला मी देवाची शिक्षा म्हणणार नाही. निरपराध मुलीला शिक्षा करणारा तो देव कसला? पण जे राज्य नुसत्या धाकावर चालते ते आपल्या माणसांनाही सोडत नाही, एवढा बोध मी घेतला.

आणि त्याने जिंकलेल्या मुलखाचे काय झाले? त्यातला बराचसा पंधरा वर्षांच्या आतच सावंतवाडीकडे परत गेला. डिचोली १७८१ साली, सत्तरी १७८२ साली आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगीजांकडे कायमचे आले. या झाल्या नव्या काबिजादी. मात्र या वेळी लोकांच्या धर्माला, देवळांना आणि चालीरीतींना हात लावणार नाही असे अभिवचन राज्यकर्त्यांनी दिले. पेडण्याची भगवती, मोरजीची मोरजाय, नार्वेचा सप्तकोटेश्वर आपापल्या जागी राहिले. आलोर्नाच्या तोफांनी मिळवलेले टिकले नाही; सबुरीने घेतलेले १९६१ पर्यंत टिकले. परकी राज्य ते परकीच, पण खंबीरपणा कशाला म्हणावे याचे उत्तर या दोन तारखांच्या मधे आहे असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट सांगून संपवतो. आलोर्नाने जिंकलेल्या तेरेखोलच्या किल्ल्यात आज संत आंतोनीचे देऊळ आहे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी याच किल्ल्यावर नि:शस्त्र सत्याग्रही चालून गेले आणि त्यांनी तिरंगा फडकवला. त्यांचा पुढारी होता आल्फ्रेड आफोन्सो, एक गोमंतकीय ख्रिस्ती. त्याच दिवशी पोळे आणि बांदा या बाजूंनी निघालेल्या तुकड्यांचे पुढारीही ख्रिस्तीच होते. किल्ला तोच, संत तोच. एक जण तोफा घेऊन आला होता, दुसरा रिकाम्या हातांनी. अधिक धैर्य कोणाला लागले असेल, हे वाचकांनीच ठरवावे.

सुट्टी संपवून परतलो तेव्हा सरांना भेटून माझी चूक कबूल केली. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि हे वार्षिक अंकासाठी लिहून दे म्हणून सांगितले. हजेरीपटावर मात्र अजून आलोर्नाच आहे. हरकत नाही. कोणी विचारलेच तर आता सांगता येते की ते हळर्णचेच नाव आहे, पोर्तुगालला जाऊन परत आलेले.