चित्रकार राजा

औंध हे सातारा जिल्ह्यातील गाव एका लहान संस्थानाची राजधानी होते. आज सांगली जिल्ह्यात असलेली आटपाडीही त्याच संस्थानात होती. तेथील राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी १९३९ मध्ये राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपविला, हे सर्वश्रुत आहे. पण ते चित्रकारही होते.

१९१८ मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची संशोधित आवृत्ती काढण्याचे योजिले. बाळासाहेबांनी त्या कार्यास एक लाख रुपये देऊ केले आणि पुढे त्या ग्रंथासाठी स्वतः चित्रेही काढली. प्राचीन योद्ध्यांचा वेष, त्यांची शस्त्रे आणि रथ मनास येतील तसे रंगविणे सोपे होते. बाळासाहेबांनी मात्र प्राचीन नमुने समोर ठेवूनच आपली चित्रे काढली. पंडित जुन्या पोथ्या पडताळून शब्द निश्चित करीत होते. मग चित्रे तरी कल्पनेवर कशी सोडावयाची? जुन्या कलावंतांचे शिष्य होण्यात या राजाला कमीपणा वाटला नाही.

१९३८ मध्ये त्यांनी औंधास संग्रहालय उभारले. तेथे राजा रविवर्मा यांची तैलचित्रे आहेत. मुलांनो, चित्रकला शिकू इच्छिणाऱ्यास याहून उत्तम नमुने कोठे मिळणार?