विश्लेषण : शिंद्यांचा पानिपतचा सूड… शत्रूच मरून गेला तेव्हा महादजींनी काय केले?

रक्तपात सोडलेला मारेकरी, जिवलगाची हत्या आणि सूडासाठी पुन्हा हाती शस्त्र. ‘जॉन विक’सारख्या चित्रपटांत हा हिशेब दोन तासांत मिटतो. महादजी शिंदे मारेकरी नव्हते, सरदार होते. पण त्यांचा हिशेब अकरा वर्षे चालला आणि तरीही मिटला नाही.

जोतिबाशी संबंध काय?

कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीचा जोतिबा हे शिंदे घराण्याचे कुलदैवत. तिथले आजचे मुख्य मंदिर महादजींचे वडील राणोजी यांनी १७३० मध्ये बांधले. त्यांच्या एका मुलाचे नावही जोतिबाच. तो ओरछाकडे दगाफटक्यात गेला. जयाप्पांचा १७५५ मध्ये नागोरला मारेकऱ्यांनी खून केला. दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर पडले. वर्षभराने पानिपतावर तुकोजी गेले, तर जयाप्पांचा मुलगा जनकोजी पकडला जाऊन मारला गेला. पाच भावांपैकी महादजी एकटेच उरले.

तेही नशिबाने. पाठलाग करणाऱ्या अफगाण स्वाराने त्यांच्या पायावर घाव घालून त्यांना मेले म्हणून सोडले. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना आपल्या बैलावर घालून वाचवले. पाय कायमचा अधू झाला. राणेखानाला महादजींनी भाऊ मानले.

सूड कोणावर?

अब्दालीला बोलावणाऱ्या नजीबखान रोहिल्यावर. पण महादजींची पहिली काही वर्षे घरच्या वारसाहक्काच्या भांडणातच गेली. माधवराव पेशव्यांनी १७६८ मध्ये सरदारी दिली आणि पुढच्या वर्षी फौजा उत्तरेकडे निघाल्या. तिथे तुकोजी होळकर नजीबशी बोलणी करायच्या मताचे, तर महादजींचा त्याला विरोध. हा घोळ सुरू असतानाच ऑक्टोबर १७७० मध्ये नजीब आजारपणाने मेला.

मग १७७२ मध्ये मराठ्यांनी त्याचा मुलगा झाबेताखान याच्यावर चाल केली. शुक्रताल घेतले, पत्थरगड लुटला. पानिपतानंतर अडकून पडलेल्या मराठी स्त्रिया तिथे सापडल्या, त्यांची सुटका झाली. मोहिमेचे सर्वांत मोठे यश हेच म्हणायला हवे. नजीबची कबरही फोडण्यात आली; मेलेल्याला त्याने काय फरक पडणार होता? झाबेताखानाचे कुटुंब कैद झाले. त्यात त्याचा लहान मुलगा गुलाम कादिरही होता.

सोळा वर्षांनी, १७८८ मध्ये, त्याच गुलाम कादिरने दिल्ली बळकावली आणि महादजींच्या आश्रयाला असलेल्या बादशहा शाहआलमचे डोळे काढले. त्याच्यावर गेलेल्या महादजींच्या फौजेचा सेनापती होता राणेखान, पानिपतावरचा तोच भिस्ती. डिसेंबरात गुलाम कादिर हाती लागला आणि मार्च १७८९ मध्ये त्याला ठार करण्यात आले.

महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीला वारले. त्यांचे दत्तक वारस दौलतराव यांनी १८०८ मध्ये जोतिबाच्या डोंगरावर केदारेश्वराचे मंदिर बांधले.