अरणचा मळा

श्रीसंत सावता महाराजांचे घराणे मूळचे औसे गावचे, पुढे ज्यास मिरज संस्थान म्हणू लागले त्या मुलखातले, असे चरित्रकार सांगतात. म्हणून आम्हां सांगली-मिरजेकडच्या वारकऱ्यांना सावतोबा घरचेच वाटतात. आजोबा देवू माळी सोलापूर जिल्ह्यातील अरण गावी येऊन राहिले. ते पंढरीचे वारकरी, मुलगा परसोबाही वारकरी. परसोबांच्या पोटी इ.स. १२५० मध्ये सावतोबा जन्मले. तेव्हा देवगिरीस यादवांचे राज्य होते. पुढे भेंडच्या जनाईशी त्यांचे लग्न झाले.

वारी घरात दोन पिढ्यांची, पंढरी एका दिवसाच्या चालीवर, आणि सावतोबा तर मळा सोडून वारीस गेले नाहीत, अशी कथा आहे. कीर्तनात आपण हे ऐकतो, माना डोलावतो नि पुढे जातो. पण वारकऱ्याच्या पोरानं वारी न करणं म्हणजे काय, हे वारकऱ्यालाच कळेल. लोक काय बोलले नसतील?

ज्यानं रोपं वाढवलीत त्याला मात्र ह्याचं नवल वाटणार नाही. होळी झाली की थंडी गेली असे आपण म्हणतो. पण एखाद्या वर्षी फाल्गुन सरता सरताही पहाटेचा गारठा हटत नाही. मग वाफ्यात टाकलेले वांग्याचे बी दिवसचे दिवस निजून राहते. वर पाचट नाहीतर वाळले गवत पसरून ऊब धरावी लागते. कोंब दिसला की तेच पाचट लगेच काढायचे, नाहीतर रोप पिवळे पडून उंच वाढते. पाणी द्यायचे ते ऊन वर आल्यावर, नि तेही बेताने. गारठ्यात वाफा चिंब राहिला की रोपाची मान जमिनीलगत कुजते आणि एका रात्रीत ओळच्या ओळ आडवी होते. हल्ली आमच्याकडच्या रोपवाटिकांत ट्रे आले, जाळीची घरे आली, पण माणसाला वाफ्यापासून हलता येत नाही ते नाहीच. आणि माघी नि चैत्री ह्या वाऱ्या नेमक्या ह्याच दिवसांच्या अल्याडपल्याड! त्या दोन दिवसांत रोपं कुणावर टाकायची? सावतोबांनी विठोबा टाकला नाही. रोपंही टाकली नाहीत.

मग देवच आला. कूर्मदासाच्या भेटीस ज्ञानदेव-नामदेवांसह जात असता पांडुरंग वाटेत अरणच्या मळ्यात शिरला, चोर मागे लागलेत, मला लपव म्हणाला. लपवायला जागा कुठली? सावतोबांनी खुरप्याने आपली छाती चिरून देवास आत ठेवले. नामदेव देवासाठी रडत मळाभर फिरले. ही कथा की रूपक, हा वाद पंडितांनी घालावा. आम्हांला एवढेच दिसते की हत्यार खुरपेच होते.

त्यांचे अभंग काशिबा गुरवांनी लिहून ठेवले. सदतीसच आज मिळतात. त्यांत कांदा, मुळा, लसूण, कोथिंबीर ह्यांतच त्यांनी विठाई पाहिली. तिथे मिरचीही येते. आता मिरची आपल्याकडे आली ती पोर्तुगीजांबरोबर, म्हणजे १४९८ च्या पुढे. तेव्हा हा शब्द मागाहून गाणाऱ्यांच्या तोंडी बसला असावा. बसेना का! ज्यानं तो घातला त्याच्याही मळ्यात मिरची असणार.

शके १२१७, आषाढ वद्य चतुर्दशी, म्हणजे इ.स. १२९५ मध्ये सावतोबांनी देह ठेवला. वय पंचेचाळीस. समाधी अरणास, मळ्यातच. आषाढीस साऱ्या संतांच्या पालख्या पंढरीस जातात, सावतोबांची जात नाही. आषाढ वद्यात पांडुरंगाचीच पालखी पंढरपुराहून निघते नि अरणास येते.