मध्येच तुटलेली शिष्यवृत्ती

अंबरनाथ पूर्वेला शिवमंदिराच्या परिसरात आमचे नेहमी जाणे-येणे असते. मंदिर शके ९८२ चे, म्हणजे इ.स. १०६० चे, शिलाहारांच्या काळातले. ते पाहायला लांबलांबून अभ्यासक येतात, वालधुनीच्या काठावर उभे राहून फोटो काढतात, टिपणे घेतात आणि जातात. त्याच मंदिरापासून हाकेच्या अंतरावर आमच्या समाजातला एक तरुण अभ्यासक राहतो. त्याला पाहायला मात्र कोणी येत नाही. उल्हासनगर-अंबरनाथच्या कारखान्यांतील कंत्राटी कामगार हा त्याच्या पीएच.डी.चा विषय. सकाळी लोकलच्या गर्दीतून विद्यापीठात, संध्याकाळी क्लासमध्ये दहावीचे गणित आणि रात्री एका खोलीत सगळे झोपल्यावर स्वतःचे काम, असा त्याचा दिनक्रम. अधिछात्रवृत्तीचे पैसे कित्येक महिने थकलेले. मार्गदर्शकांनी एक प्रकरण वाचायला घेतले ते अजून परत आलेले नाही.

त्याने आम्हाला एकदा सहज विचारले की, काका, बाबासाहेबांना हे कसे जमले? आम्ही सवयीप्रमाणे सांगून टाकले की ते अठरा-अठरा तास अभ्यास करीत. तो काही बोलला नाही. घरी येताना आमची आम्हालाच लाज वाटली. अठरा तास ही गोष्ट खोटी नाही, पण ती अर्धी आहे. उरलेली अर्धी गोष्ट आम्ही व्यासपीठांवरून कधी सांगतच नाही. त्या अठरा तासांचे भाडे कोण भरत होते? पैसे संपले तेव्हा त्या महामानवाच्या संशोधनाचे काय झाले? आज तेवढेच सांगायचे आहे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेला भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाला, तेव्हा सत्कार-सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, हे आमच्या मुलामुलांना पाठ आहे. पण गुरुजींचे त्याहून मोठे काम म्हणजे त्यांनी पुढे या मुलाचा पाठपुरावा केला. सुभेदार रामजींना कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा त्यांनीच महाराजा सयाजीराव गायकवाडांपर्यंत शब्द पोहोचवला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. केळुसकर जातीने आमचे नव्हते, पैशाने मोठे नव्हते. कुठल्या दारावर जायचे हे त्यांना माहीत होते, आणि ते स्वतः गेले. शिवमंदिराच्या त्या मुलासाठी असा कोण गेला आहे?

बी.ए. झाल्यावर १९१३ साली बडोद्याने अमेरिकेला जाण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड. बदल्यात परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार झाला. जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथे त्यांनी अर्थशास्त्राचे २९ आणि इतिहासाचे ११ अभ्यासक्रम घेतले. समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र हे वेगळेच. पंगतीत आणि पाणवठ्यावर वेगळा बसवलेला माणूस पहिल्यांदाच कोणत्याही बाकावर बसायला मोकळा होता, त्याने तो मोकळेपणा असा वापरला.

पण केवळ बाकाने संशोधक घडत नाही. अर्थशास्त्राचे प्रा. सेलिग्मन त्यांना लाभले. मानववंशशास्त्राचे प्रा. गोल्डनवायझर लाभले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात या पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने भारतातील जातींची उत्पत्ती आणि यंत्रणा यावर निबंध वाचला. तो वर्षभरात, मे १९१७ मध्ये, ‘इंडियन अँटिक्वेरी’ या मासिकात छापून आला. ज्या मासिकात जुनी मंदिरे आणि शिलालेख यांचे अभ्यास छापून येत, त्यातच जातीचा दगड फोडणारा हा लेख आला, याचे आम्हाला फार अप्रूप वाटते. आणि हे घडले कसे? कोणीतरी विद्यार्थ्याला बोलायला उभे केले, ऐकून घेतले, प्रश्न विचारले. आज आमच्या किती संशोधकांना पहिल्या दोन वर्षांत एखाद्या चर्चासत्रात असे उभे केले जाते? बहुतेकांच्या वाट्याला सतरंज्या उचलणे आणि प्रमाणपत्रे वाटणे येते.

१९१५ मध्ये एम.ए. झाले, पीएच.डी.चा प्रबंध तयार झाला आणि सेलिग्मन यांनी लंडनच्या प्रा. फॉक्सवेल यांना पत्र लिहून आपल्या विद्यार्थ्याची शिफारस केली. त्या पत्राने लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे दार उघडले. ऑक्टोबर १९१६ मध्ये तिथे आणि ग्रेज इनमध्ये एकाच वेळी नाव घातले गेले. काम ऐन रंगात आले आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली. बडोद्याकडून परत येण्याचा निरोप आला. १९१७ च्या मध्यावर बाबासाहेबांना अर्धा अभ्यास टाकून बोट पकडावी लागली. लंडन विद्यापीठाने मात्र एक शहाणपणा केला, चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली. ही एका ओळीची परवानगी नसती तर पुढचा डी.एस्सी. प्रबंध कदाचित झालाच नसता. नियम माणसाला तारतातही, फक्त ते लिहिणाऱ्याला माणूस दिसला पाहिजे.

महायुद्ध चालू होते. बाबासाहेबांचे सामान आणि पुस्तके ज्या जहाजावर होती ते पाणतीराने बुडाले. एका संशोधकाची चार वर्षांची कमाई समुद्रात गेली. सामानाची जी नुकसानभरपाई मिळाली, तिच्यातून घरखर्च आणि बडोद्याचा प्रवास भागला.

बडोद्यात काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे, तरी ते पुन्हा सांगितलेच पाहिजे. महाराजांच्या लष्करी कार्यालयात नेमणूक, पण शिपाई लांबून फायली टाकत. राहायला घर मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून दिवस काढले, तर अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. कोलंबियातून आलेला तो विद्वान बागेत झाडाखाली बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला. संस्थानने शिक्षणावर एवढा पैसा खर्च केला, महाराजांचे मन मोठे होते याविषयी वाद नाही, पण एक खोली मिळवून देणे त्या सगळ्या दरबाराला जमले नाही. पुढे त्याच दरबारातून शिष्यवृत्तीच्या रकमेच्या परतफेडीचा तगादाही लागला. प्रवेश दिला, पैसे दिले, आणि माणूस परत आला तेव्हा त्याला कुठे बसवायचे याचा विचारच केलेला नव्हता. आजच्या विद्यापीठांतील वसतिगृहांबद्दल आम्ही वेगळे काही लिहावे असे वाटत नाही. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुला गेला, तेव्हा तो वसतिगृहातून बाहेर काढलेला होता आणि त्याच्या अधिछात्रवृत्तीचे पैसे कित्येक महिन्यांचे थकलेले होते.

मुंबईत बाबासाहेबांनी शिकवण्या केल्या. शेअरच्या व्यवहारात सल्ला देण्याचे काम सुरू केले, जात कळताच गिऱ्हाईक यायचे थांबले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून ४५० रुपयांवर नेमणूक झाली. विद्यार्थी वर्गात गर्दी करू लागले आणि सहकारी प्राध्यापक पाण्याच्या भांड्याची कुरकुर करू लागले. याच धामधुमीत शेतीच्या लहान तुकड्यांवरचा त्यांचा निबंध १९१८ साली प्रसिद्ध झाला. पगारातून पै-पै बाजूला पडत होती. ती चार वर्षांची मुदत संपत आलेली होती ना!

मार्च १९२० मध्ये नोकरी सोडली. स्वतःची शिल्लक, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि कोलंबियापासूनचे पारशी मित्र नवल भथेना यांचे पाच हजारांचे कर्ज एवढ्या भांडवलावर ते जुलैत लंडनला निघाले. मागे परळच्या चाळीत माता रमाई उरलेल्या थोड्या पैशांत संसार ओढत होत्या. लंडनमध्ये सकाळी पावाचा तुकडा, दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय, रात्री भुकेला कोणीतरी दिलेले पापड. भूक ही संशोधनाची गुरुकिल्ली असल्यासारखे आम्ही हा प्रसंग रंगवून सांगतो. आमच्या मते ती एक लाजिरवाणी गोष्ट आहे, आणि लाज त्या काळच्या व्यवस्थेची आहे. उपाशी राहिल्याने प्रबंध चांगला होत नाही. तो चांगला झाला कारण लिहिणारा आंबेडकर होता.

जून १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२२ मध्ये बॅरिस्टर. रुपयाच्या प्रश्नावरील डी.एस्सी.चा प्रबंध ऑक्टोबर १९२२ मध्ये सादर झाला. ब्रिटिश सरकारच्या चलननीतीवर त्यात सरळ हल्ला होता आणि केन्ससारख्या पंडिताचे मत खोडलेले होते. परीक्षक बिचकले. निष्कर्ष तसेच ठेवून मांडणी बदला असे सांगण्यात आले. तोवर खिसा पुन्हा रिकामा झाला होता. एप्रिल १९२३ मध्ये बाबासाहेब मुंबईला परतले, इथे बसून प्रबंध पुन्हा लिहिला, ऑगस्टमध्ये पाठवला आणि तो मान्य झाला. वर्ष संपण्याआधी तो लंडनच्या पी. एस. किंग यांनी छापला. त्याला प्रा. एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे. तीत कॅनन यांनी आपल्याला काही मते पटत नाहीत हे स्पष्ट लिहिले आणि तरी पुस्तकाच्या ताजेपणाची वाखाणणी केली. मत न पटलेल्या विद्यार्थ्याच्या पुस्तकाला स्वतःचे नाव देणारे मार्गदर्शक आज आम्हाला शोधून दाखवा.

कोलंबियाची कथा तर त्याहून लांबली. प्रबंध १९१६ च्या सुमारास तयार होता, पण तो छापून प्रती सादर केल्याशिवाय पदवी मिळत नसे. छपाईला पैसे हवेत. सुधारून वाढवलेला प्रबंध १९२५ साली सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला, सयाजीरावांना अर्पण झाला, आणि पीएच.डी. रीतसर मिळाली १९२७ साली. म्हणजे जगातला एक अव्वल अर्थशास्त्रज्ञ पैशाअभावी दहा वर्षे पदवीच्या उंबरठ्यावर उभा होता. दरम्यान डिसेंबर १९२५ मध्ये भारतीय चलनावरील रॉयल कमिशनपुढे त्यांची साक्षही झाली होती, आणि त्याच काळात पोटासाठी ते हिशेबनिसांच्या एका शिक्षणसंस्थेत अर्धवेळ शिकवत होते.

हे सर्व भोगलेल्या माणसाने हाती सत्ता येताच काय केले ते पाहा. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी केंद्राकडून वर्षाला तीन लाखांची तरतूद मिळवली, त्यातून मुले परदेशीही गेली. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. २० जून १९४६ रोजी सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले आणि बाबासाहेबांनी त्याच्या ग्रंथालयाकडे जातीने लक्ष दिले.

आणि आज? परदेशी शिक्षणाच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीच्या २०२२ च्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. प्राचीन भारतीय व्यापार, भारतातील जाती, प्रांतिक अर्थव्यवस्था, रुपया! बाबासाहेबांचे विषय एकामागून एक त्या नियमापुढे ठेवून पाहा, किती उरतात? राज्यात २०२३ साली बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधकांना ग्रंथालय सोडून आझाद मैदानात ठिय्या द्यावा लागला. वर त्यांनाच विचारतात, एवढे शिकून करणार काय?

सरकारशी भांडायचे ते आम्ही भांडूच. पण भथेना सरकार नव्हते आणि केळुसकरही नव्हते. शिवमंदिर भागात आमचे निवृत्त अधिकारी आहेत, प्राध्यापक आहेत, १४ एप्रिलच्या कमानींवर आणि डीजेवर हजारो रुपये सहज उभे करणारी मंडळे आहेत. बुद्धविहारांत दिवसभर कुलूप असलेल्या खोल्या आहेत. त्या मुलाला एक टेबल, रात्री अकरापर्यंत दिवा, थकलेले पैसे येईपर्यंत पासाचे भाडे आणि त्याचे प्रकरण वाचून त्यावर पेन्सिलने खुणा करणारा एक प्राध्यापक हवा आहे. विहाराच्या किल्ल्या कोणाकडे असतात, हे आम्ही काल विचारून ठेवले आहे.