मेंदूच्या वाटा उजळणारा वैद्य : एगास मोनिझ

घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या अंगावरून वारे गेले की आमच्या दांडिया बाजारात पुष्कळदा प्रथम हातपाय चोळणे सुरू होते आणि मोलाचा वेळ निघून जातो. वस्तुतः हे वारे बाहेरून येत नसते. बहुतेक वेळा मेंदूला रक्त नेणारी एखादी धमनी गुठळीने बंद पडलेली असते. ही बंद पडलेली वाट जिवंत माणसात पाहता यावी म्हणून ज्याने आयुष्य वेचले, त्या वैद्याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

एगास मोनिझ यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८७४ रोजी पोर्तुगालमधील आवांका या गावी झाला. कोइंब्रा येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन १९११ साली ते लिस्बन येथे मज्जाविकारांचे प्राध्यापक झाले. १९१८ साली ते पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्रीही होते. त्या काळी गोमंतकावर त्याच देशाचे राज्य होते.

क्ष-किरणांचा शोध १८९५ साली लागला. त्या किरणांनी कवटी दिसे, परंतु तिच्या आतील रक्तवाहिन्या दिसत नसत. किरणांना अडविणारे द्रव्य धमनीत सोडले तर तिची आकृती उमटेल, असे मोनिझ यांनी ताडले. पहिले प्रयत्न फसले. एक रुग्ण दगावलाही. तेव्हा त्यांनी द्रव्य बदलून आयोडीनयुक्त क्षार घेतला. वातविकाराने त्यांचे हात अधू झाले होते, म्हणून हातांचे काम आल्मेडा लिमा या तरुण सहकाऱ्याने केले. अखेर २८ जून १९२७ रोजी मेंदूच्या धमन्यांचे स्पष्ट चित्र मिळाले. पुढे १९३७ साली मानेतील मोठी धमनी बंद पडलेल्या रुग्णांची माहितीही त्यांनी प्रसिद्ध केली.

१९४९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते मात्र या कार्यासाठी नव्हे, तर मनोरुग्णांच्या मेंदूतील तंतू छेदण्याच्या शस्त्रक्रियेसाठी. त्या शस्त्रक्रियेने अनेकांचे अपरिमित नुकसान झाले आणि ती पुढे मागे पडली. १३ डिसेंबर १९५५ रोजी मोनिझ निवर्तले. गौरव ज्याचा झाला ते कार्य लयास गेले. ज्याला पारितोषिक लाभले नाही, ते आजही प्राण वाचवीत आहे.

१९७१ साली सीटी स्कॅनने प्रथमच रुग्णाच्या मेंदूची तपासणी झाली. मेंदूत रक्तस्राव झाला आहे की नाही, हे त्याने काही मिनिटांत कळते. हे कळणे अत्यंत आवश्यक आहे, कारण गुठळी विरघळविणारे औषध रक्तस्रावात घातक ठरते. गुठळी नेमकी कोठे अडकली, हे पाहण्यासाठी आजही शिरेत आयोडीनयुक्त द्रव्यच सोडतात. ते औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, घरात कोणाचे तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर चोळीत बसू नका. लक्षणे सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि मेंदूचे चित्र निघेल अशा रुग्णालयात रुग्णाला तत्काळ न्या. मोनिझ यांच्या परिश्रमांचे चीज त्यातच आहे.